एक्स-रे नॉर्मल, मान मात्र दुखतेच: भरपाई मागता येते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्याला जाताना खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर रांगेत गाडी उभी होती आणि मागून टेम्पोने धडक दिली. गाडी पती चालवत होते, पत्नी शेजारी बसल्या होत्या. पत्नीचं, म्हणजे ताईंचं, वय ३७. मागचा बंपर आणि डिकीचं झाकण चेपलं. टेम्पोमालकाने जागेवर पाच हजार रुपये दिले, "गाडीच्या नुकसानीपोटी मिळाले, तक्रार नाही" अशी चिठ्ठी झाली आणि सगळे आपापल्या वाटेने गेले. त्या रात्री काहीच त्रास नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंना उशीवरून मान उचलता येईना. तिसऱ्या दिवशी दवाखाना, एक्स-रे नॉर्मल, गोळ्या आणि कॉलर. महिन्याभराने उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. एमआरआयमध्ये सी५-सी६ची, म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली, डिस्क (चकती) थोडी बाहेर आल्याचं दिसलं आणि फिजिओथेरपी सुरू झाली. ताई घरी ब्लाउज शिवतात. आता सलग अर्धा तासही मशीनवर बसवत नाही. अपघाताला साडेतीन महिने झाले, फिर्याद दिलेली नाही. ओळखीचे एक विमा एजंट म्हणाले, हाड मोडलेलं नाही, काही मिळणार नाही. इंग्लंडमधला भाऊ म्हणतो, तिकडे अशा मानेचे दर ठरलेले आहेत, आपल्याकडेही असतील.

मी पुण्यात बावीस वर्षं मोटार अपघाताचे क्लेम चालवते. त्या एजंटांचं म्हणणं चुकीचं आहे हे आधी सांगते. कायद्याने भरपाईसाठी हाड मोडण्याची अट कुठेही घातलेली नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली दुखापत झालेल्या कुणालाही मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो आणि कलम १६८ प्रमाणे न्यायाधिकरणाने "न्याय्य" रक्कम ठरवायची असते. मात्र मानेचे क्लेम मोडलेल्या पायाच्या क्लेमपेक्षा अवघड जातात हे खरं आहे. पायातला रॉड एक्स-रेत सगळ्यांना दिसतो. मानेचं दुखणं दिसत नाही, म्हणून ते कागदांतून आणि माणसाच्या रोजच्या कामातून दाखवावं लागतं.

कोर्टाआधी तब्येतीचं बोलते, कारण अशिलाला मी पहिल्या भेटीत तेच विचारते. हातातली पकड कमी होत असेल, बटण लावताना किंवा सुई ओवताना बोटं ऐकत नसतील, चालताना पाय लटपटत असतील, लघवीवर ताबा राहत नसेल, तर वकिलाकडे येऊ नका, त्याच दिवशी मणक्याच्या डॉक्टरांकडे जा. मज्जारज्जूवर दाब येत असल्याची ती लक्षणं असू शकतात. आणि एक कळकळीची विनंती. आपल्याकडे मान धरली की कुणीतरी "मान बसवून देणाऱ्या"चा पत्ता देतं. डिस्क सरकलेली असताना मानेला असा हिसका बसला तर दुखणं कायमचं होऊ शकतं. शिवाय पुढे विमा कंपनीचे वकील उलटतपासात नेमकं हेच विचारतात: टेम्पोने झालं की त्या माणसाने केलं?

दुसऱ्या दिवशी दुखायला लागलं म्हणजे अपघाताशी संबंध नाही, असा युक्तिवाद प्रत्येक वेळी होतो. गाडी उभी असताना मागून धक्का बसला की सीटबरोबर धड पुढे जातं आणि डोकं क्षणभर मागे राहतं. मान आधी मागे वाकते, मग पुढे फेकली जाते. डॉक्टर याला व्हिपलॅश म्हणतात. स्नायू आणि सांध्यांभोवतालचे बारीक बंध ताणले जातात, सूज हळूहळू चढते आणि खरी कळ बऱ्याचदा बारा तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी उठते. एक्स-रेत हाडं दिसतात, हे बंध दिसत नाहीत. म्हणून "एक्स-रे नॉर्मल" याचा अर्थ "हाड मोडलेलं नाही" एवढाच. तुमच्या एमआरआयच्या अहवालात "मानेची नैसर्गिक वक्रता कमी झाली आहे" अशा अर्थाची ओळ आहे का तेही पाहा. स्नायू आखडले की ती वक्रता जाते. एकट्या त्या ओळीने काही सिद्ध होत नाही, पण बाकीच्या कागदांच्या जोडीला तिचा उपयोग होतो.

कॉलर महिनोन्महिने घालून बसू नका. पूर्वी तसं सांगायचे. आता बहुतेक डॉक्टर आणि फिजिओ थोड्याच दिवसांत मान हळूहळू हलवायला लावतात, कारण बांधून ठेवलेले स्नायू आणखी अशक्त होतात. कोर्टात कॉलर घालून आल्याने भरपाई वाढते हा समज तर पार काढून टाका.

आता तिसऱ्या दिवशीचा तो ओपीडीचा कागद शोधा. तो नुसताच फाइलला लावू नका, नीट वाचा. त्यात डॉक्टरांनी "आरटीए", म्हणजे रस्ता अपघात, असं लिहिलंय का? तारीख आहे का? मागून धडक बसल्याचा उल्लेख आहे का? काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक तरुण आला होता. दुचाकीला मागून कार लागली होती, दुखापत खरी होती. पहिल्या दवाखान्याच्या कागदावर एवढंच लिहिलेलं: "मान दुखणे, दोन दिवस. झोपेत मान अवघडली." गर्दीच्या ओपीडीत त्याने अपघात सांगितला नव्हता आणि डॉक्टरांनीही विचारलं नव्हतं. पुढचे सगळे कागद बरोबर होते, एमआरआय होता, पंचवीस वेळा फिजिओ झालेली होती. तरी विमा कंपनीच्या वकिलांनी ती एक ओळ तीन वेळा वाचून दाखवली आणि न्यायाधिकरणाने अपघाताचा आणि मानेचा संबंध मानला नाही. तुमच्या कागदात अपघाताचा उल्लेख नसेल तर डॉक्टरांना खाडाखोड करायला सांगू नका, तो गुन्हा होईल. पुढच्या भेटीत खरा इतिहास सांगा, आजच्या तारखेने नोंदवून घ्या आणि पहिल्या वेळी का सांगितला नाही हेही त्यात येऊ द्या.

फिजिओथेरपीचं कार्डसुद्धा तितकंच महत्त्वाचं. बरेच लोक फक्त पावत्या आणतात. पावतीने पैसे दिल्याचं कळतं. कार्डावर प्रत्येक बैठकीची तारीख, मान किती अंशांत वळते, हात कुठपर्यंत वर जातो, हे लिहिलेलं असतं. सुरुवातीला उजवीकडे तीस अंश, दोन महिन्यांनी पन्नास अंश, अशी नोंद असली तर दुखणं खरं आहे आणि माणूस बरं होण्यासाठी धडपडतोय, दोन्ही गोष्टी त्यातून दिसतात. अशा प्रामाणिक सुधारणेवर न्यायाधीश विश्वास ठेवतात.

आता फिर्यादीचं. साडेतीन महिने उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही. जखमी माणूस आधी उपचारांकडे बघतो, पोलिसांकडे नाही, म्हणून केवळ फिर्यादीला उशीर झाला एवढ्यावर क्लेम फेटाळू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच रवी विरुद्ध बद्रीनारायण या निकालात सांगितलं आहे. क्लेममध्ये पुरावाही फौजदारी खटल्याइतका कडक लागत नाही; कुठली बाजू अधिक संभवनीय आहे हे पाहिलं जातं. पण उशिराचं कारण खरं आणि सविस्तर हवं. ज्या ठाण्याच्या हद्दीत टोलनाका येतो तिथे लेखी अर्ज द्या: त्या दिवशी त्रास नव्हता, दुसऱ्या दिवशी सुरू झाला, महिन्याने एमआरआयमध्ये काय दिसलं, तारखांसकट. निष्काळजीपणे वाहन चालवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये आणि त्यातून दुखापत करणं कलम १२५ मध्ये येतं. ठाण्यात अर्ज घेतला नाही तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती सोय आहे. पोच जपून ठेवा.

त्या चिठ्ठीची फार धास्ती घेऊ नका. त्यात "गाडीच्या नुकसानीपोटी" असंच लिहिलेलं आहे आणि त्या वेळी मानेची दुखापत कुणालाच ठाऊक नव्हती. उलट ती चिठ्ठी तुमच्या बाजूने कामाला येईल. त्या दिवशी, त्या जागी, त्या टेम्पोने धडक दिली हे टेम्पोमालकाने सही करून मान्य केलेलं आहे. फिर्यादीविना आलेल्या क्लेममध्ये "हा अपघात झालाच नाही" हा पहिला बचाव असतो. तुमच्याकडे त्याचं उत्तर तयार आहे. जोडीला फास्टॅगचा त्या दिवसाचा मेसेज, गॅरेजचं बिल, बंपरचे फोटो आणि त्या वेळी घरी केलेल्या फोनची नोंद ठेवा. टोलनाक्यावरचं सीसीटीव्ही चित्रण एव्हाना पुसलं गेलं असण्याचीच शक्यता जास्त, तरी लेखी मागणी करा. नाही म्हणाले तर त्याचाही कागद होतो.

मुदतीचं मात्र गांभीर्याने घ्या. १९९४च्या दुरुस्तीने क्लेमला मुदत उरली नव्हती, म्हणून जुनेजाणते लोक आजही "कधीही टाका" असं सांगतात. १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६(३) प्रमाणे अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा आहे. या तरतुदीला आव्हान दिलेलं आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये अंतरिम आदेश देऊन, केवळ मुदत संपली म्हणून क्लेम फेटाळू नयेत असं सांगितलं. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर राहू नका. तुमचे अडीच महिने शिल्लक आहेत. लोक अपंगत्वाचा दाखला हातात येईपर्यंत थांबतात, ही माझ्या पाहण्यातली सगळ्यात महागात पडणारी चूक. दाखला पुराव्याच्या टप्प्यावर लागतो. अर्ज आधी टाका.

अर्ज पुण्यातच टाकता येईल. अपघात जिथे झाला तिथे, अर्जदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे, किंवा सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो, जिथे राहतो तिथे, यांपैकी कुठेही चालतो. सामनेवाले म्हणून टेम्पोचा मालक, चालक आणि त्याची विमा कंपनी. टेम्पोचा नंबर असेल तर परिवहन विभागाच्या अॅपवर विमा त्या तारखेला चालू होता का ते लगेच कळतं. थर्ड पार्टी विमा असेल तर पैसे विमा कंपनीनेच द्यायचे असतात. चालकाकडे योग्य परवाना नव्हता असं निघालं, तरी न्यायाधिकरण बहुतेक वेळा कंपनीला आधी तुम्हाला पैसे द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतं. उभ्या गाडीला मागून धडक असल्यामुळे चूक कुणाची यावर फार वाद व्हायला नको. "पुढच्या गाडीने अचानक ब्रेक मारला" असं ते म्हणतीलच. समजा ते काही अंशी मान्य झालं, तरी ताई प्रवासी होत्या. दोन चालकांच्या एकत्रित चुकीत प्रवाशाला कुठल्याही एका बाजूकडून पूर्ण भरपाई मागता येते. ताईंनी सीटबेल्ट लावला होता का, हेही विचारतील. खरं तेच सांगा.

तुमच्या स्वतःच्या गाडीच्या पॉलिसीत मालक-चालकाचं पंधरा लाखांचं अपघात कवच असेल. त्यावर आशा ठेवू नका. ते मालक-चालकाच्या मृत्यूसाठी आणि अवयव गमावणं किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व यासाठी आहे, आणि ताई गाडी चालवतही नव्हत्या.

आणखी एक वाट आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम १६४. तिथे चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. मृत्यूसाठी पाच लाख आणि जबर दुखापतीसाठी अडीच लाख, ठरलेली रक्कम. लोकांना वाटतं जबर दुखापत म्हणजे हाड मोडणं. तसं नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मधल्या व्याख्येत शेवटचा प्रकार असा आहे की ज्या दुखापतीने माणसाला पंधरा दिवस तीव्र वेदना होतात किंवा नेहमीचे व्यवहार करता येत नाहीत, तीही जबर दुखापत. जुन्या दंडसंहितेत हे वीस दिवस होते. म्हणजे पंधरा दिवस शिवणकाम, स्वयंपाक, केस विंचरणं, सगळं बंद होतं हे डॉक्टरांच्या कागदावरून आणि घरच्यांच्या साक्षीवरून दाखवता आलं, तर मान या व्याख्येत बसू शकते. पण दोन्ही वाटांनी एकाच वेळी पैसे मिळत नाहीत. तुमच्या बाबतीत चूक उघड आहे आणि कामाचं नुकसान मोठं दिसतंय, म्हणून मी १६६ निवडेन. चूक सिद्ध करणं अवघड असतं तर सल्ला वेगळा दिला असता.

आता ज्याच्यावर रक्कम ठरते ते. दुखापतीच्या क्लेममध्ये उपचारांचा खर्च, ये-जा, पोषक आहार, मदतनीस, उपचारांच्या काळात बुडालेली कमाई, पुढची कमाई, पुढचे उपचार आणि वेदनांची भरपाई, असे वेगवेगळे भाग असतात. त्यांतल्या पुढच्या कमाईवर सगळा क्लेम तोलला जातो. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालाला आम्ही रोज हात घालतो. त्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दाखल्यावरचे अपंगत्वाचे टक्के आणि कमाईच्या क्षमतेत झालेली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची जवळजवळ सगळी कमाई जाते. सरकारी कचेरीतल्या कारकुनाची नोकरी टिकू शकते. म्हणून न्यायाधिकरणाने आधी पाहायचं की हा माणूस काय काम करायचा, मग पाहायचं की आता काय करू शकत नाही.

मानेच्या बाबतीत हे फार लागू पडतं. ब्लाउज शिवणारी बाई दिवसभर खाली बघते. मान पुढे वाकलेली, उजवा हात चाकाशी, नजर सुईखाली. गळ्याची पट्टी लावताना, बाहीचा घेर जुळवताना तर श्वास रोखून बसावं लागतं. ज्या मानेला डॉक्टर दहा टक्के म्हणतील, ती मान ताईंच्या धंद्यासाठी दहा टक्क्यांची नाही. पण हे मी युक्तिवादात सांगून भागत नाही, पुरावा लागतो. तो पुरावा तुमच्या घरात आहे: ताईंची मापांची वही. प्रत्येक शिवणकाम करणाऱ्या बाईकडे ती असते. गिऱ्हाईकाचं नाव, छाती, कंबर, बाहीची लांबी, खाली द्यायची तारीख, कधी कोपऱ्याला कापडाचा तुकडा टाचलेला. अपघाताआधीच्या दोन वर्षांची पानं आणि नंतरची पानं शेजारी ठेवा. आधी दिवसाला तीन-चार मापं असतील आणि नंतर आठवड्याला दोन, तर एवढं सांगणारा दुसरा दाखला मला कुठल्याही हॉस्पिटलकडून मिळणार नाही. गिऱ्हाइकांनी फोनवरून केलेल्या पेमेंटचं बँक स्टेटमेंट त्याला जोडायचं. नियमित येणाऱ्या दोन गिऱ्हाइकांनी "आता दुसरीकडे शिवायला टाकतो" एवढी साक्ष दिली तरी पुरे. वहीची पानं फाडू नका, नव्याने सुवाच्य लिहून काढू नका. मूळ वही, आहे तशी, कोर्टात दाखवायची.

हिशेब कसा होतो तो बघा. समजा महिन्याला १८,००० रुपयांची कमाई शाबीत झाली. स्वतःचा व्यवसाय आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे भविष्यातल्या वाढीसाठी ४० टक्के मिळवायचे: २५,२००. अशी वाढ दुखापतीच्या क्लेममध्येही धरायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. वर्षाचे झाले ३,०२,४००. कमाईच्या क्षमतेतली घट १० टक्के धरली तर वर्षाला ३०,२४०. या रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणायचं; वय ३७ ला सर्वोच्च न्यायालयाच्याच सरला वर्मा निकालातला गुणक १५. म्हणजे ४,५३,६००. घट २० टक्के मानली गेली तर हीच रक्कम ९,०७,२००. याशिवाय उपचारांचा खर्च, तीन महिन्यांच्या बुडालेल्या कामाचे ५४,०००, वेदना आणि त्रासाचे वेगळे, आणि अर्ज दाखल झाल्यापासूनचं व्याज. पण घट कायमची आहे हे शाबीत झालं नाही, तर पुढच्या कमाईचा आकडा शून्य होतो आणि खर्च, तीन महिन्यांची कमाई आणि वेदनांची थोडी रक्कम एवढंच हाती येतं. मानेचे बरेच क्लेम इथेच थांबतात. माझे काही क्लेमही इथेच थांबले आहेत. ताईंची मान वर्षभरात पूर्ण बरी झाली तर तसंच व्हायला हवं, आणि ते चांगलंच.

अपंगत्वाचा दाखला विकत देणारे लोक कोर्टाच्या आसपास भेटतात. त्यांना दारात उभं करू नका. ज्या डॉक्टरांनी उपचार केले नाहीत त्यांच्या तयार दाखल्यांवर विसंबू नये, असं राजकुमार निकालातच बजावलेलं आहे. सहा महिने ते वर्षभर उपचार झाले, सुधारणा थांबली, की तुमच्या डॉक्टरांकडून किंवा शासकीय रुग्णालयाच्या मंडळाकडून तपासणी करून घ्या. डॉक्टरांना साक्षीला यावं लागेल याची त्यांना आत्ताच कल्पना द्या. नुसता दाखला दाखल केला आणि डॉक्टर साक्षीला आले नाहीत तर त्याला फारसं वजन राहत नाही.

उलटतपासात एक प्रश्न हमखास येईल: "सदतीस वर्षांच्या, दहा-बारा वर्षं शिवणकाम करणाऱ्या बाईला स्पाँडिलोसिस, म्हणजे मणक्यांची झीज, असतोच, हा त्रास जुनाच आहे." एमआरआयमध्ये वयाची झीज लिहिलेली असेल तर ती लपवू नका. आधी झीज होती, पण त्रास नव्हता. धडकेनंतर सुरू झाला, असंच मांडायचं. अपघाताआधी मानेसाठी एकही औषध, एकही एक्स-रे नव्हता आणि वही भरलेली होती, हेच त्याचं उत्तर. आणि पूर्वी कधी मानेसाठी डॉक्टरकडे गेल्या असतील तर मला, म्हणजे तुमच्या वकिलांना, पहिल्याच दिवशी सांगा. कोर्टात दुसऱ्या बाजूकडून कळण्यापेक्षा ते फार बरं.

माझ्या एका रिक्षाचालक अशिलाची गोष्ट सांगते. त्यांच्याही मानेत मोडलेलं काही नव्हतं. साक्षीच्या पिंजऱ्यात उभे असताना मागून शिपायाने दुसऱ्याच कुणाला नावाने हाक मारली. आपण सहज मान वळवून बघतो. ते पाय हलवून, कमरेसकट सगळे वळले. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांना ते कळलंही नसेल. न्यायाधीशांनी लिहिणं थांबवून विचारलं, "रिक्षा मागे कशी घेता?" ते म्हणाले, "साहेब, पॅसेंजरला उतरून बघायला सांगतो." त्या दिवशी मला फार बोलावं लागलं नाही. याच्या उलटही पाहिलंय. मान हलतच नाही असं शपथेवर सांगणारे एक गृहस्थ पुतण्याच्या हळदीत नाचतानाचा व्हिडिओ कंपनीच्या वकिलांनी दाखवला. त्यांचा त्रास खरा होता, थोडा होता. तो जास्त सांगितला म्हणून थोड्याचेही पैसे गेले. ताईंनी "अर्धा तास बसवतं, मग उठावं लागतं" असं सांगितलं तर तेच सांगू द्या. "अजिबात बसवत नाही" असं कुणी शिकवू नका.

इंग्लंडबद्दल भाऊ बरोबर सांगतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये ३१ मे २०२१ पासूनच्या अपघातांसाठी व्हिपलॅशचा ठरलेला तक्ता आहे. दुखणं तीन महिन्यांत थांबलं तर सुरुवातीला २४० पौंड, दीड ते दोन वर्षं टिकलं तर ४,२१५ पौंड, आणि मे २०२५ पासून हे आकडे वाढवले आहेत. तो तक्ता फक्त वेदना आणि त्रासासाठी आहे, बुडालेली कमाई वेगळी मागावी लागते. आपल्याकडे मानेचा असा कुठलाही तक्ता नाही. म्हणून "मानेचे इतके मिळतात" असं कुणी सांगितलं तर ते ऐकीव समजा.

मेडिक्लेममधून एमआरआयचे पैसे मिळाले असतील तर ते क्लेममधून कापले जातील का, हे पुढे तुम्ही विचारालच. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये सांगितलं आहे की मेडिक्लेमची रक्कम वजा करायची नाही. तो तुम्ही हप्ते भरून घेतलेला वेगळा करार आहे. मूळ बिलं मेडिक्लेम कंपनीकडे गेली असतील तर त्यांच्याकडून शिक्का मारलेल्या प्रती मागून घ्या.

वकिलांच्या फीबद्दल स्पष्ट बोला. मिळालेल्या रकमेतले टक्के घेण्याचा करार करायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला मनाई आहे. दवाखान्याच्या आवारात येऊन "अमुक टक्के द्या, सगळं आम्ही बघतो" म्हणणारा माणूस बहुधा वकील नसतो, दलाल असतो. फी ठरवून, पावती घेऊन द्या. आणि कोऱ्या वकीलपत्रावर किंवा कोऱ्या चेकवर सही करू नका; भरपाई अर्जदाराच्या स्वतःच्या बँक खात्यात येते.

लोकअदालतीची नोटीस येईल तेव्हा जरूर जा. कंपनी आकडा सांगते, तुम्ही सांगता, जमलं तर त्याच दिवशी निवाडा होतो आणि त्यावर अपील नसतं. पण ताईंची मान कुठे येऊन थांबते हे कळायच्या आत तडजोड करू नका. वर्षभराने हाताच्या मुंग्या वाढल्या तर ते प्रकरण पुन्हा उघडता येत नाही.

या आठवड्यात पोलिसांकडचा अर्ज आणि तिसऱ्या दिवशीचा ओपीडीचा कागद, ही दोन कामं करा. पुढच्या आठवड्यात वकिलांकडे जाताना ताईंना बरोबर न्या, आणि वही त्यांच्याच हातात द्या. कुठलं माप कुणाचं, कुठला ब्लाउज अर्धा राहिला आणि गिऱ्हाईक कापड परत घेऊन गेलं, हे त्याच सांगू शकतात.